मेमरी अपुरी असल्याबाबत

तालुक्याच्या कचेरीत एका सोमवारी नवा संगणक आला. नवा म्हणजे खोक्यातून नवा. त्याच्या खरेदीचा प्रस्ताव अठरा वर्षांपूर्वी निघाला होता. टेबलाटेबलावर मुक्काम करत, दोनदा हरवत आणि दोनदा सापडत तो यंदा मंजूर होऊन परतला. प्रस्तावात लिहिलेलंच मॉडेल घ्यायचं असा नियम असल्यानं पुरवठादारानं ते कुठल्याशा गोदामातून धूळ झाडून आणलं. शिपाई हरिबानं त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि अंगणात तेरखेड्याची माळ पेटवली. माळेतले निम्मे फटाके वाजले. कचेरीच्या मानानं हे प्रमाण चांगलं होतं.

दाखल्यांच्या जुन्या नोंदी ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायच्या, ती या यंत्राहून म्हातारी. गेल्या शतकाच्या शेवटी कुणीतरी ती बसवली, तालुक्याच्या तीन पिढ्या तिच्यात भरल्या, आणि मग बसवणारे गेले, त्यांची कंपनीही गेली. जुनं यंत्र वैशाखात विजेच्या झटक्यानं गेलं. त्याच्या पोटातली डिस्क तेवढी सलामत निघाली. ती नव्या यंत्रात बसवली, अव्वल कारकून गोपाळकृष्णरावांनी डोळे मिटून आई भवानीचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. मेमरी अपुरी आहे, सबब सुरू होता येत नाही, असा तिचा मथितार्थ होता.

गोपाळकृष्णराव तुळजापूरचे, पुजाऱ्याच्या घरातले. रोज एसटीनं येऊनजाऊन. निवृत्तीला सव्वा महिना उरला होता आणि त्यांना आयुष्यात एकच कागद हवा होता: सदर कर्मचाऱ्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही. तो मिळाला की निवृत्तीवेतन सुरू. या एका कागदाकडे डोळे लावून त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती. म्हणजे, कुठलीही गोष्ट आपणहून केली नव्हती.

त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात प्रस्ताव मांडला. ‘यंत्राने स्वतःच मेमरी अपुरी असल्याचे कळविले आहे. करिता वाढवून मिळावी, ही विनंती.’ मागणी माणसाची नसून यंत्राची असल्यानं वरून ती चार दिवसांत मंजूर झाली. देखभालीच्या कंत्राटावरची तंत्रज्ञ भैरवी मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या घेऊन आली. आधीच्या दोन, या दोन. चारही खाचा भरल्या. बटण दाबलं.

मेमरी अपुरी आहे.

भैरवीनं यंत्राचं झाकण उघडून पाहिलं, डिस्कवरचं जुनं लेबल वाचलं आणि ती स्वतःशीच हसली. “काका, हिला कमी पडत न्हाय. जास्त झालंय.”

“जास्त झालंय तर कमी आहे असं कशाला म्हणेल ती?”

“ही सिस्टीम निघाली तवा एवढी मेमरी कुणाच्या स्वप्नात न्हवती. आता समजा एका खोलीच्या घरात लई ज्वारी आली. बाईनं घरभर कणग्या मांडल्या. चूल मांडायला जागाच राहिली न्हाय. मग ती काय म्हणंल? घर लहान पडलं म्हणंल. ज्वारी जास्त झाली असं म्हणंल का?”

“मग उपाय?”

“तीन पट्ट्या काढायच्या. दोन मिनिटं लागतील.”

गोपाळकृष्णरावांना हे पटलं. पटलं म्हणूनच ते घाबरले आणि तिला घेऊन तहसीलदार शिवकुमार साहेबांच्या दालनात गेले.

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. “म्हणजे उपाशी माणसानं भाकरी मागितली, तर तुम्ही ताटातली उचलून घेणार.”

“साहेब, त्याला स्वतःला कळत न्हाय,” भैरवी म्हणाली.

“शासकीय यंत्राला कळत नाही, असं लेखी देता का?”

भैरवीनं लेखी दिलं नाही. ती कंत्राटी होती.

“आणि पट्टी जडसंग्रहाच्या वहीत चढलीय,” साहेब पुढं म्हणाले. “काढायची तर आधी निर्लेखन करून वहीतून तिचं नाव कमी करायला हवं. निर्लेखनाला वस्तू निकामी पाहिजे. पट्ट्या निकामी आहेत का?”

“न्हाईत. चांगल्या आहेत.”

“मग काढता येत नाहीत.”

“आणि निकामी असत्या तर?”

“तर बदलून चांगल्या मिळाल्या असत्या.” साहेबांनी पुढची फाईल ओढली. “गोपाळकृष्णराव, आणखी मेमरी मागवा. खाचा संपल्या असतील तर दुसरा संगणक मागवा, त्याची याला जोडा.”

इकडं कचेरीच्या व्हरांड्यात रांग धरू लागली. तिच्या टोकाला द्वारकाबाई बसलेल्या. नात आरोही हिचा नंबर लातूरच्या नर्सिंग कॉलेजात लागलेला. द्वारकाबाईंच्या सासऱ्यांच्या नावची जुनी नोंद जोडून रहिवासाचा दाखला द्यायचा होता, तीस तारखेच्या आत. नोंद यंत्राच्या पोटात होती आणि यंत्र दातखीळ बसल्यासारखं. द्वारकाबाई रोज चार कोसांवरच्या वाडीतून जीपनं यायच्या, भिंतीला टेकायच्या आणि दळताना म्हणावं तसं हलक्या आवाजात म्हणायच्या:

कचेरीच्या दारी बाई, रांग पसरली लांब,
यंतर जेवलं पोटभर, वर म्हणतंया थांब.

रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. गोपाळकृष्णरावांना खिडकीतून ऐकू यायचं आणि ते वहीत उगाचच रेघा मारायचे.

अठ्ठावीस तारखेला द्वारकाबाई खिडकीशी आल्या. “भाऊसाहेब, परवा तीस हाय.”

“आजी, वरून मेमरी यायची आहे.”

“येईल तवा येईल. पर ती पोरगी मला काल म्हनली, आज्जे, ऱ्हाऊ दे, मी शेळ्या राखते. असं हसून म्हनली. त्या हसन्यानं म्या रातभर जागी हाय.” त्या जरा थांबल्या. “तुमी शिकलेलं मानूस. तुमच्या हातात काय बी न्हाय, असं तुमच्या तोंडानं म्हना, म्हंजे म्या उठते.”

गोपाळकृष्णरावांनी तोंड उघडलं. चौतीस वर्षं हेच वाक्य ते दिवसाकाठी चाळीसदा म्हणत आले होते. आज ते न म्हणता त्यांनी खुर्ची मागं सारली.

ते साहेबांकडं गेले. साहेबांच्या भाच्याचाही दाखला त्याच यंत्रात अडकलेला होता. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी दोन दिवस दौऱ्यावर आहे. तुम्ही काय करता ते मला माहीत नाही, आणि सांगूही नका. भाच्याचं नाव मात्र यादीत वर असू द्या.”

दुपारी गोपाळकृष्णरावांनी भैरवीला फोन लावून विचारत विचारत, स्वतःच्या हातानं, तीन पट्ट्या काढल्या. एकेक पट्टी कागदात गुंडाळली, पाकिटात घातली, पाकिटावर लाख लावली, तारीख घातली आणि कपाटात ठेवलं. बटण दाबलं. म्हातारी सिस्टीम खाकरली, एक जुनी सुरावट वाजली आणि तीन पिढ्यांचा तालुका पडद्यावर डोळे चोळत उभा राहिला.

दोन दिवसांत एकशे त्रेचाळीस दाखले निघाले. पहिला साहेबांच्या भाच्याचा, दुसरा आरोहीचा. द्वारकाबाईंनी दाखला कपाळाला लावला आणि गोपाळकृष्णरावांवरून कडाकडा बोटं मोडली. लोकांनी पेढे आणले. कुणी म्हणालं, असा कारकून झाला नाही. कुणी मोबाईलवर फोटो काढला.

पुढच्याच आठवड्यात वार्षिक पडताळणी झाली. वहीत पट्ट्या चार, यंत्रात एक.

नोटीस आली. ‘आपण शासकीय यंत्राची मेमरी, ते स्वतः अपुरी असल्याचे वारंवार कळवीत असताना, तीन चतुर्थांशाने कमी केली. खुलासा करावा.’ साहेबांनी शेरा मारला: मी दौऱ्यावर होतो. गोपाळकृष्णरावांनी लाखेचं पाकीट हजर केलं. चौकशी अधिकाऱ्यांनी पट्ट्या मोजून पुन्हा यंत्रात बसवल्या, खाचांवर सील ठोकलं, सगळ्यांसमक्ष बटण दाबलं.

मेमरी अपुरी आहे.

“बघा,” चौकशी अधिकारी म्हणाले, “चार असताना चालत नाही. आणि तुम्ही म्हणता एकावर चाललं.”

“साहेब, तीन काढून बघा ना एकदा.”

“सील तोडू? तो आता पुरावा आहे.”

“मग एकशे त्रेचाळीस दाखले कुठून आले?”

“तोच तर मुद्दा आहे. बंद यंत्रातून दाखले निघाले, म्हणजे ते बनावट असावेत.” त्यांनी चष्मा पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. “एक मार्ग आहे. यंत्र चालू होतं आणि दाखला आमच्यासमोर निघाला, असं पाच लाभधारकांनी पंचनाम्यावर सही करून सांगावं. मग दाखलेही खरे आणि तुम्हीही मोकळे. निवृत्तीच्या आत फाईल बंद करतो.”

पाच. एकशे त्रेचाळिसातले पाच. गोपाळकृष्णराव हसलेच.

द्वारकाबाई निरोप पोचताच आल्या. गावातल्यांनी त्यांना वाटेत अडवलं होतं, म्हातारे, अंगठा देशील आणि नातीचाच दाखला चौकशीत अडकवशील. त्या म्हणाल्या, “अडकंल तर अडकंल. म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय, ते न्हाय कसं म्हनू?” आणि पहिल्या रेघेवर अंगठा उमटवला.

मग कुणी आलं नाही.

पेढे आणणाऱ्याला फोन केला, तर तो कुर्डुवाडीला गेलेला. एका गुरुजींनी सांगितलं, मी रांगेत होतो खरा, पण माझं लक्ष पेपरात होतं. फोटो काढणाऱ्याचा मोबाईल बदलला होता. साहेबांच्या भाच्यानं तर अशी कचेरी तालुक्यात आहे, हेच पहिल्यांदा ऐकलं. सगळ्यांचं म्हणणं एकच आणि अगदी समंजस: दाखला मिळालाय, काम झालंय, आता कशाला नसती भानगड. आणि माणूस चांगला आहे हो, त्याला काही होणार नाही.

पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला गोपाळकृष्णरावांना शाल, श्रीफळ आणि ‘चौकशी प्रलंबित’ असा शेरा मिळाला. ते एसटीनं तुळजापूरला गेले आणि त्यांचं निवृत्तीवेतन कचेरीतच राहिलं.

पंचनामा अजून त्यांच्या जुन्या टेबलावर आहे. एक अंगठा, चार मोकळ्या रेघा. तुमच्या घरी कपाटात, लॅमिनेट करून ठेवलेला तुमचा दाखला आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापलेली असते, ती बघा. एकोणतीस तारीख, दुपारचे तीन वाजून सात मिनिटं. कचेरी सव्वासहापर्यंत उघडी असते. पेन टेबलाला दोरीनं बांधलेलं आहे.