गुडघा आबांचा, साखर आत्येची

परबकाकांचा उजवा गुडघा दुखतो, पण तो त्यांचा नाही. तो त्यांच्या आजोबांचा आहे. जिना चढताना काका मध्येच थांबतात, गुडघ्यावर हात ठेवतात आणि मागून येणाऱ्याला सांगतात, "जरा थांबा, आबा दमले." जोगेश्वरीच्या आमच्या इमारतीत नवीन भाडेकरू आला की तो बिचारा वर-खाली बघून आबांना शोधतो.

काका पाणीखात्यातून निवृत्त झाले. शरीर, मन आणि आत्मा या तिन्हींवर त्यांचा सिद्धांत एका वाक्याचा आहे. "वरच्या टाकीत आसात, ताच खालच्या नळाक येतला." टाकी म्हणजे पूर्वज, नळ म्हणजे आपण. रक्तातली साखर वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा शेजारधर्म म्हणून मी सोबत गेले होते. "ती माझी न्हय, आत्येची," काका म्हणाले. डॉक्टरांनी आत्याबाईंना घेऊन यायला सांगितलं. त्यांना जाऊन जमाना झाला होता. गोळ्या मात्र काका वेळेवर घेतात, आत्येच्या नावाने.

सोसायटीच्या सभेत एकदा त्यांनी सेक्रेटरीला गाढव म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच घरी चहाला जाऊन बसले. "काल मी न्हय बोललंय. आमचो चुलतो बोललो. तापट होतो तो." सेक्रेटरीने चुलत्याला माफ केलं. गेलेल्या माणसाला माफ करायला फारसं काही लागत नाही.

पहाटे ते ध्यानाला बसतात. ध्यानात मन रिकामं होतं म्हणे. काकांचं भरतं. "डोळे मिटले की सगळे येऊन बसतत. आपला वन रूम किचन, आणि ह्यो चौदा पिढ्यो!"

इमारतीत मूल जन्मलं की ते काकांना दाखवायची पद्धतच पडली आहे. काका चष्मा लावून निकाल देतात. कान आईचे, कपाळ आजाचं, रडणं मावशीचं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाळाला बराच वेळ न्याहाळून "दोनव टाक्यो बघितलंय, जुळणा नाय," असं ते म्हणाले, आणि त्या घरातून आमच्याकडे येणारा दिवाळीचा फराळ बंद झाला. आम्ही त्यांच्या शेजारी राहतो, एवढाच आमचा गुन्हा.

काकांना एकच मुलगी, मनू. तिचे बरीच वर्षं दवाखाने झाले, नवस झाले, आणि शेवटी तिने नि जावयाने एक मुलगी दत्तक घेतली. फोनवर बापाला सांगितलं तर काका नुसतं "बरां" म्हणाले आणि फोन ठेवला.

मनू माझ्याकडे येऊन रडली. "ताई, मी दवाखान्यात खेपा घालत होते तेव्हापण बाबांचं टाकी-टाकी चालूच होतं. आता बारशाला सगळ्यांसमोर माझ्या पोरीबद्दल असलं काही बोलले ना, तर मी परत या घरात पाय ठेवणार नाही. सांगून ठेवते."

मी काकांना चाचपून पाहिलं. "बघूया," एवढंच म्हणाले. मला वाटलं, लागली वाट. एरवी तोंडाला खळ नसलेला माणूस गप्प बसला की भीती वाटते.

बारसं काकांच्याच घरी झालं. पाळणा, घुगऱ्या, दारापर्यंत गर्दी. पोरीचं नाव सई ठेवलं आणि लगेच तळमजल्यावरच्या सावंतकाकूंनी तोंड उघडलं. त्या ते फारसं मिटतही नाहीत.

"काय ओ परबानू, चेडू कोणार गेला?"

पोर कोणावर गेली, या प्रश्नासरशी सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. मनूने पाळण्याची दोरी घट्ट धरली.

काकांनी चष्मा लावला. सईचे कान बघितले, पायाची बोटं बघितली. सईने त्यांच्या चष्म्याला हात घातला, तो त्यांनी घालू दिला.

"मूळपुरुषार गेला," काका म्हणाले.

"म्हंजे?"

"आमच्या घराण्याचो पयलो माणूस. गावाक त्याका आमी नारळ ठेवतो. तो खयसून इलो, त्याचे आवस-बापूस कोण, कोणाक ठाऊक नाय. इलो, रवलो, आमचो झालो." त्यांनी सईकडे बोट केलं. "ह्या पण तसाच. इला. आता रवतला."

सावंतकाकूही कोकणातल्याच. मूळपुरुषाचं नाव निघाल्यावर सवयीने त्यांनी पाळण्याला हात जोडले. मनू बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पाहुणे गेल्यावर काका आमच्याकडे येऊन बसले. चेहरा पार उतरलेला.

"महिनोभर शोधी होतंय," ते म्हणाले. "खोटा बोलाचा नव्हता, आणि खरा काय सापडत नव्हता."

मी पाणी दिलं. ते भांडं हातात धरून बसून राहिले.

"तुझी काकू आज हवी होती. तिना एक अक्षर इचारल्यान नसता. उचलून मांडयेर घेतल्यान असता. माका मेल्याक कारण लागता."

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्याबद्दल काका असं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडे सई रडायला लागली. काकांनी भांडं तसंच खाली ठेवलं.

"इलंय गो बाय, इलंय," म्हणत ते निघाले. माझं दार लावून घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, आणि मीही ते उघडंच ठेवलं.