लिफ्ट बंद आहे

तळमजल्यावरच्या सभागृहात साठ खुर्च्या होत्या, दोन दिवे, एक पडदा आणि रंगमंचाला मुद्दाम ठोकलेला एक लाकडी उतार. हा उतार डोन्या नेरेइदांच्या चाकाच्या खुर्चीसाठी होता. नव्हत्या त्या फक्त डोन्या नेरेइदा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या त्या इमारतीची लिफ्ट पाच आठवडे बंद होती आणि नाटकाची नायिका चौथ्या मजल्यावर अडकली होती. नाटकही त्याच लिफ्टवर होतं.

घरमालकाचा एजंट पेराल्ता याने "शनिवारी नक्की" असा शब्द दिला होता. शनिवारी सकाळी माणूस आला खरा. त्याने 'लिफ्ट बंद आहे' ही फाटकी पाटी काढली आणि नवीकोरी प्लास्टिकची लावली.

"आम्ही चौघं तुम्हाला उचलून नेतो की," नाटकात एजंट होणारा रिगोबेर्तो म्हणाला. पोटाला उशी बांधून तो तयारच होता.

"मी काय सोफा आहे?" डोन्या नेरेइदा कडाडल्या. "एवढी हौस असेल तर नाटक उचला आणि वर आणा!"

दिग्दर्शिका मागालिसने कपाळाला हात लावला. "अहो, पण लोक बसणार कुठे?"

"जिना कशाला आहे, पोरी? नाहीतरी पाच आठवडे सगळी तिथेच टेकतायत."

मग प्रेक्षक पायऱ्यांवर बसले आणि नाटक जिन्याच्या वळणावळणावर सुरू झालं. ज्यांना चढवत नव्हतं ते खालीच थांबले. डोन्या नेरेइदांचा आवाज तिथपर्यंत आरामात पोचत होता. त्या वरच्या कठड्याशी खुर्ची लावून खाली बघत होत्या. शेवटचा प्रवेश त्यांचा होता.

दुसरा प्रवेश रंगात आला आणि खालचं दार उघडलं. खुद्द पेराल्ता आत आला.

"बंद करा हे! जिना अडवायला मनाई आहे!"

"आला, आला! एजंट आला!" पायऱ्यांवरून हुर्यो उठली.

"अहो, मी खरा एजंट आहे!"

"मोठ्याने बोल रे बाबा, मागे ऐकू येत नाही," एक आजी म्हणाल्या. "बाकी सोंग झकास आहे."

"इथला प्रमुख कोण आहे?"

सगळ्यांची बोटं वर, चौथ्या मजल्याकडे गेली. पेराल्ता चढू लागला.

दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी विचारलं, "काय हो, लिफ्ट कधी?"

"शनिवारी नक्की," पेराल्ता सवयीने बोलून गेला. हशा पार गच्चीपर्यंत पोचला.

तिसऱ्या मजल्यावर तो गुडघा धरून भिंतीला टेकला. "वा! घामसुद्धा खरा!" कुणीतरी दाद दिली, आणि त्याच्या हातात मांसाची गरम करंजी ठेवली.

"माझी भूमिका खाल्ली त्याने," वर रिगोबेर्तो उशी सोडत कुरकुरला.

"गप बस," मागालिस कुजबुजली. "तुझ्यापेक्षा बरं करतोय."

अखेर पेराल्ता चौथ्या मजल्यावर पोचला. समोर खुर्चीत डोन्या नेरेइदा. त्यांनी आपलं वाक्य घेतलं, "एवढे दमलात, साहेब? लिफ्टने नाही का आलात?"

"लिफ्ट..." पेराल्ताला धाप लागली होती. "लिफ्ट बंद आहे."

संहितेतलं शेवटचं वाक्य तेच होतं. जिना टाळ्यांनी दणाणला.

टाळ्या ओसरल्यावर पेराल्ताने खाली उतरायला पाय उचलला आणि किंचाळला. गुडघा आखडला होता.

"घाबरू नका," डोन्या नेरेइदा म्हणाल्या. "ही चार पोरं उचलून नेतील. सोफ्यासारखं."

पेराल्ताने खाली पाहिलं. सगळी इमारत वर बघत होती. "मला कुणी हात लावायचा नाही!"

"हेच म्हणते मी. पाच आठवडे."

पेराल्ताने फोन काढला.

लिफ्टवाला पन्नास मिनिटांत आला. सव्वा तासाने लिफ्ट चौथ्या मजल्यावरून निघाली. आत पुढे डोन्या नेरेइदा होत्या, मागे दांडीला धरून पेराल्ता. तळमजल्यावर पोचायला तिला एकोणतीस सेकंद लागले.