पापाविना गेलेले दिवस

ज्या गोष्टीची पाटी नाही ती गोष्ट नाहीच, हे आता सुशिक्षित जगात मान्य झालेलं आहे. रस्ता झाला की पाटी लागते. पुष्कळदा पाटी आधी लागते आणि मग पाटीवरच भागतं. अशा काळात श्रद्धा तेवढी बिनपाटीची राहावी, ही गोष्ट पास्कल तुस्कानोला फार दिवस खुपत होती.

पास्कल मूळचा वसईचा, पण नोकरीपायी पंधरा वर्षं पेणला राहिलेला. नागोठण्याकडच्या एका कंपनीत तो सेफ्टी ऑफिसर होता (कंपनीचं नाव सांगत नाही, पाटी सगळीकडे सारखीच असते). त्या पाटीवर लिहिलेलं होतं, 'शेवटच्या अपघातानंतर उलटलेले दिवस', आणि नोव्हेंबरात आकडा तेराशे साठावर पोचला होता. पास्कल माणूस सज्जन. जेवणाआधी क्रूसाची खूण करायचा, हेल्मेट घालतानाही करायचा. आकडा बदलताना तर त्याचे ओठ आपोआप हलायचे.

अशात बिशपांचं पत्र आलं. येणारं वर्ष श्रद्धेच्या नूतनीकरणाचं. श्रद्धा म्हणजे रविवारी घडी मोडायची साडी नव्हे, ती सोमवारच्या कामात दिसली पाहिजे. पत्राचा अर्थ लख्ख होता, म्हणून तो समजून घेण्यासाठी समिती नेमावी लागली. समितीच्या चार बैठका झाल्या. पहिल्या तीन बैठकांत चहा कुणाच्या घरून यायचा हे एकमताने ठरलं. चौथीत पास्कल उठला आणि म्हणाला, चर्चच्या फाटकाशी पाटी लावू. 'आपल्या धर्मग्रामात शेवटचं पाप होऊन उलटलेले दिवस.' (एका चर्चच्या हद्दीतली सगळी कुटुंबं म्हणजे धर्मग्राम.)

पेणचे फादर मेल्विन वयाने तरुण आणि आकड्यांचे भोक्ते. त्यांनी विचारलं, पाप मोजायचं कसं? पास्कलने नियमावली खिशातून आणलीच होती.

एक. पाप कुठलं आणि कुणाचं, हे संपूर्ण गोपनीय राहील. झालं की नाही, एवढंच जाहीर होईल.

दोन. पापाची अधिकृत नोंद म्हणजे कुमसार. (फादरांच्या कानाशी आपली पापं सांगून क्षमा मागायची, त्याला कुमसार म्हणतात.) जे पाप कुमसाराला आलं नाही, ते घडलं नाही असं धरावं.

तीन. मनातल्या मनात केलेली पापं 'थोडक्यात टळलेले अपघात' या सदरात मोडतील. त्यांनी आकडा हलणार नाही.

चार. कुणीही कुमसाराला आलं की पाटी शून्यावर.

एक जानेवारीला आदल्या दिवशीच्या जेवणावळींमुळे सुरुवात करणं कुणालाच सुरक्षित वाटेना. म्हणून दोन तारखेला शून्य टांगायचं ठरलं. हिशेब केला तेव्हा ईस्टरनंतरच्या रविवारी, म्हणजे बिशप भेटीला येणार त्याच दिवशी, नेमका शंभरावा दिवस पडत होता. यात समितीला देवाचा हात दिसला.

पाटीचे पत्रे रंगवायचं काम हमरापूरच्या काळुरामला दिलं. गणपतीच्या मूर्तींचा त्याचा कारखाना. रंगाला हात स्वच्छ. तीन खिळे आणि त्यांवर टांगायला एक ते नऊ आकड्यांचे दोन-दोन पत्रे, अशी ऑर्डर. शून्य मात्र एकच सांगितलं.

“शून्य एकच?” काळुरामने विचारलं.

“पहिल्या दिवसापुरतं,” पास्कल म्हणाला. “नंतर कशाला लागतंय?”

काळुरामने ऑर्डर लिहून घेतली. गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही, हा त्याचा धर्म.

पाटीचे सुपरिणाम लगेच दिसू लागले. डिसेंबरात दर शनिवारी सरासरी एकतीस माणसं कुमसाराला येत. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी दोन आली, फाटकावरचा आकडा पाहून थबकली आणि मेणबत्ती लावून परत गेली. त्यानंतर कुणीच नाही. ज्या धर्मग्रामात दरमहा सव्वाशे पापं व्हायची तिथे एका पत्र्याच्या पाटीने ती शून्यावर आली. हजारो वर्षांत संदेष्ट्यांना जे जमलं नव्हतं ते इथे तीन खिळ्यांत जमलं. फ्लोरीबाई रुमावांची आपल्या जावेशी आठ वर्षं बोलाचाल नव्हती. ती आताही नव्हती, पण आता अबोल्याची अधिकृत नोंद नव्हती. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला तेव्हा आकडा चाळिशी ओलांडून गेला होता आणि कुमसाराच्या खोलीत फादर मेल्विननी जादाच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

आता पाटीचा खरा ताण ज्याच्यावर होता त्याच्याकडे वळू.

एकोणीस फेब्रुवारीला कंपनीत निकेशचं बोट यंत्राच्या पट्ट्यात गेलं. निकेश हा काळुरामचा धाकटा भाऊ, दोन पोरींचा बाप, कंत्राटी कामगार. उजव्या हाताचं पहिलं बोट, वरच्या पेरापासून तुटलं. पास्कलने स्वतःच्या गाडीत घालून त्याला पेणच्या डॉक्टरकडे नेलं, आपल्या हाताने पाणी पाजलं आणि वाटेत त्याला समजावलं, की घरी दारात बोट चेमटलं असं लिहू. आकडा चौदाशे साठ आहे. शेकडो माणसांची मेहनत आहे त्यात. निकेशने मान हलवली. त्याने तेव्हा कशालाही मान हलवली असती. एकतीस मार्चला कंपनीचे पंधराशे दिवस पूर्ण झाले आणि कायम कामगारांना एकेक कॅसरोल मिळाला. निकेश कंत्राटी होता. शिवाय घरच्या दारात चेमटलेल्या बोटाला कंपनी काय करणार?

कॅसरोल पास्कलच्या ओट्यावर होता. त्यात पोळ्या खरंच गरम राहत. पास्कलच्या घशाखाली मात्र त्या उतरेनात. रविवारी जिभेवर प्रसाद घेतानाही तसंच व्हायचं. कुमसाराला जाऊन मोकळं व्हावं, तर पाटी शून्यावर येणार. पाटीचा जनक तोच.

शहाण्णवाव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं, की शंभर लिहायला दोन शून्यं लागतात. (कंपनीत ही चूक झाली नसती. तिथे शून्यं भरपूर असतात, नुसतं शून्य कधी टांगलं जात नाही एवढंच.) तो हमरापूरला गेला. कारखान्यात मूर्तींच्या रांगा लागल्या होत्या. सगळ्या रंगवून झालेल्या, आणि एकीलाही डोळे नव्हते. एका कोपऱ्यात निकेश डाव्या हाताने पुसायचं फडकं धुवत बसला होता.

“आखणी हाच करायचा,” काळुराम म्हणाला. “डोळे लिवायला याच्यासारखा हात तालुक्यात नाय. आता बोटात कुंचला ठरत नाय. बाहेरचा माणूस शोधतोय.”

“दारात चेमटलं,” निकेश पास्कलकडे न बघता म्हणाला. तो अजून दिलेल्या शब्दाला धरून होता.

पास्कलने एक शून्य मागितलं. काळुरामने दोन काढून दिली. जानेवारीतच करून ठेवली होती म्हणाला. “आमचं दर साली शून्यावरच येतंय, सायब. विसर्जन झालं का परत माती मळायची. लाज कसली त्याच्यात?”

परतताना दीडशे बिनडोळ्यांच्या मूर्तींनी आपल्याकडे पाहिलं, असं पास्कलला वाटलं. हे शक्य नव्हतं, आणि त्याच्या धर्मात बसणारंही नव्हतं.

मग त्याला वाट सुचली. पाटी पेणची होती. रोह्याला पाटी नव्हती. नव्व्याण्णवाव्या दिवशी, शनिवारी, तो दुपारची रोह्याची गाडी पकडून गेला.

रोह्याला फादर इनास असतात. वय अठ्ठ्याहत्तर. ते प्रवचन बोलत नाहीत, गातात. पेटी मांडीशी घेतात, दोन वाक्यं सांगतात आणि तिसऱ्याला सूर लावतात. ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी सैल होतं. गायलेल्या प्रवचनाचा अहवाल करता येत नाही, हा त्याचा मोठा प्रशासकीय दोष. म्हणूनच त्यांची बढती झाली नसावी.

त्यांच्या चर्चमध्ये पाऊल टाकलं आणि पास्कल उभाच राहिला. कुमसाराची रांग दारापर्यंत आली होती, आणि रांगेत सगळं पेण होतं. फ्लोरीबाई रुमाव होत्या. चहाची व्यवस्था पाहणारे समितीचे दोन सदस्य होते. फ्लोरीबाईंनी पिशवी वर केली.

“मी वालाच्या शेंगा घ्यायला आले गो, म्हणजे रे,” त्या म्हणाल्या. “तू?”

“मीपण,” पास्कल म्हणाला. एप्रिलात वालाच्या शेंगा नसतात, पण दोघांनीही तो मुद्दा ताणला नाही.

तेवढ्यात पेटी वाजली.

“नव्व्याण्णव मेंढरं वाड्यामध्ये सुखी,
एकापायी धनी माझा काट्याकुट्यात दुखी.”

फादर इनासना पेणची पाटी ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण रांगेतल्या प्रत्येकाने नव्व्याण्णव ऐकलं आणि प्रत्येकाची मान खाली गेली. फ्लोरीबाईंनी पदर डोळ्याला लावला. पास्कलची पाळी आली तेव्हा त्याने सगळं सांगितलं. बोट, दार, कॅसरोल, डोळे नसलेल्या मूर्ती.

आतून फादर इनासनी विचारलं,

“बोट कुणाचं, बाळा?”

“निकेशचं.”

“मग ते माझ्यापाशी ठेवून काय जातोस? ज्याचं त्याला दे. नंतर ये. मी हायच इथे.”

रविवारी बिशप आले. बँड होता, फुलं होती, 'शतकपूर्ती'चा केक होता. फादर मेल्विननी त्यांना हाताला धरून फाटकाशी आणलं आणि पाटीवरचा पडदा ओढला. तीन खिळ्यांवर तीन शून्यं होती.

बँड थांबला. फादर मेल्विन म्हणाले, पत्रे उलटसुलट लागले असावेत. (शून्य कसंही लावलं तरी शून्यच दिसतं, हे त्यांना गडबडीत सुचलं नाही.) कुणी केलं हे, असं कुणीतरी मागून विचारलं, आणि काल रोह्याला गेलेल्या समस्त मंडळींनी रागाने एकमेकांकडे पाहिलं. तेव्हा पास्कलने हात वर केला. पहाटे कंपनीत जाऊन तो अपघाताचा फॉर्म भरून आला होता. तिथली पाटीही त्याने स्वतःच बदलली होती. निकेश त्याच्या शेजारी उभा होता. त्याला केक हवा होता म्हणून नव्हे; पास्कलने एकट्याने उभं राहू नये म्हणून.

बिशपांनी पाटीकडे पाहिलं, पास्कलकडे पाहिलं आणि म्हणाले, “कुमसाराला कुठे बसू?” ते संध्याकाळपर्यंत बसले. त्यांच्याकडे एकटा पास्कल गेला. बाकीच्यांचं आदल्या दिवशीच रोह्याला उरकलं होतं, आणि ते इथे कळू द्यायचं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. कंपनीने पास्कलला नोटीस दिली. चौकशी चालू आहे. निकेशची भरपाई मंजुरीच्या वाटेवर आहे (वाट लांब आहे), आणि तो डाव्या हाताने डोळे लिहायला शिकतोय. पहिल्या चार मूर्ती जरा तिरळ्या झाल्या. गिऱ्हाइकांनी त्या आधी नेल्या.

समितीने पाचवी बैठक घेऊन शुद्ध मनाने ठराव केला, की एका सभासदाच्या चुकीची शिक्षा उरलेल्या निर्दोष कुटुंबांना नको. यापुढे सामुदायिक पाटी बंद. प्रत्येक घराला स्वतंत्र पाटी, स्वतंत्र आकडा, ज्याचा त्याने लावायचा. ऑर्डर काळुरामकडेच गेली. लोकांनी शंभर मागितले, पाचशे मागितले. फ्लोरीबाईंनी चार खिळ्यांची पाटी मागितली. शून्याचे पत्रे मात्र त्याच्याकडे ढीगभर पडून आहेत. त्याने ते कुणी न मागता केले होते.

धर्माची अट नाही म्हणाला. एक पाटी त्याने तुमच्यासाठीही बाजूला ठेवलीय. कुठला आकडा रंगवू, एवढंच विचारायला सांगितलंय. आणि तुमच्या डोक्यात आत्ता जो आला, त्याला किती खिळे लागतील तेही.