नामग्यालचा बोकड

रविवारी मटण खाऊन सोमवारी त्याच खाटकाकडून जिवंत बोकड सोडवून आणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याचं नाव नामग्याल. आमच्या गल्लीनं पहिल्याच आठवड्यात त्याचा नामदेव करून टाकला आणि त्यानंही कधी हरकत घेतली नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा सोलापुरात एका सूतगिरणीत कारकून होतो. घराची रस्त्याकडची खोली रिकामी होती. दिवाळी झाली की कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतीतून नामग्याल स्वेटरांची दोन गाठोडी घेऊन तिथं भाड्यानं राहायला यायचा आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उठली की जायचा. त्याचे वसाहतवाले पुण्यामुंबईला जात. हा शहाणा सोलापूरला. आमच्याकडची थंडी म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांची पाहुणी, आणि तिच्या बंदोबस्ताला घरोघरी चादरी. पण नामग्यालचं म्हणणं, "हितं दुसरा स्वेटरवाला न्हाय की!" गिऱ्हाईकही नव्हतं, पण ती गोष्ट त्याच्या लेखी किरकोळ होती.

कन्नड तो वसाहतीत शिकला होता, हिंदी मॅटिनीच्या सिनेमांत आणि मराठी सोलापूरच्या खाटीक गल्लीत. "हाय की" आणि "न्हाय की" एवढ्या भांडवलावर त्याचा धंदा चाले. एखादी बाई हौसेनं विचारी, "हातानं विणलेला आहे ना हो?" हा प्रामाणिकपणे सांगे, "न्हाय की! मशीन. लुधियाना." बाई हिरमुसून पुढं जाई.

"अरे, आईनं विणला म्हणायला तुझं काय जातंय?" मी वैतागून म्हणायचो.

"आई इनत न्हवता, अण्णा. आई याक राखत होता."

बेलबॉटम पँट, सिनेमातल्या हिरोसारखा भांग, खांद्याला ट्रान्झिस्टर आणि हातात एकशे आठ मण्यांची जपमाळ. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की मणी भराभर सरकायचे. तो देवाचं नाव घेत होता की गिऱ्हाइकाचा उद्धार करत होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर बोकड. आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. नामग्यालचं रविवारचं मटण आम्ही, त्याचं दार रस्त्याकडं आहे, एवढ्याच आधारावर सोसत होतो. तिसऱ्या हिवाळ्यात त्यानं एक काळा बोकड दोरीनं ओढत आणला. त्याचा कान टोचून त्यात तांबडी लोकर ओवली, कपाळाला जपमाळ टेकवली आणि पुटपुटत बसला.

"हे बघ, इथं कापाकापी चालणार नाही," मी म्हटलं.

"न्हाय की! ह्याला कुनी कापायचा न्हाय, कुनी इकायचा न्हाय. आपला आपला म्हातारा हुईल, मंग मरंल."

"मग काल खाल्लास तो?"

"त्यो मेल्यावर भेटला, अण्णा. ह्यो आदी भेटला."

मी आपला आत निघून गेलो. पण माझी बायको शारदा खोदून विचारणारी. तिनं त्याच्याकडून कारण काढून घेतलंच. नामग्याल विसाव्या वर्षी लोकांबरोबर डोंगर ओलांडून इकडं आला. आईचे गुडघे धरलेले, ती मागं राहिली. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. वसाहतीतही त्याच्या रक्ताचं कोणी नव्हतं. त्यांच्यात म्हणे असं मानतात, की मरणाच्या दारातला जीव सोडवून ज्याच्या नावानं सोडावा, त्याचं आयुष्य वाढतं.

"आई हाय का न्हाय, म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "बोकड हाय, त्यो दिसतो."

हे तो अगदी बाजारभाव सांगावा तसं बोलला. शारदानं मात्र त्या दिवसापासून बोकडाला स्वतःच्या हातानं भाकरी चारायला सुरुवात केली.

निघताना त्यानं दोरी माझ्या हातात दिली. वसाहत लांब, बोकडाला एसटीत कोण घेणार? मला जनावराचा नाद नाही. पण दोरीच्या टोकाला माणसाची आई बांधलेली असली तर नाही कसं म्हणायचं?

बोकडानं सहा महिन्यांत शेजाऱ्यांचा दोडक्याचा वेल, माझा एक हजेरीचा कागद आणि शारदाच्या वाळत टाकलेल्या पातळाचा पदर खाल्ला. सगळं पचवलं. श्रावणात तो दोरी तोडून गल्लीच्या टोकाला विणकरांच्या अंगणात शिरला. तिथं सुताला द्यायची खळ मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवली होती. ती पिठाची पेज त्यानं पोटभर चापली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि संध्याकाळच्या आत खेळ खलास. मी त्याला माळावर पुरून आलो, तर शारदा उंबऱ्यात बसून रडत होती.

"आता त्याला काय सांगायचं ओ?"

"मेला म्हणून सांगायचं."

"म्हंजे आई गेली म्हणून सांगायचं की!"

त्यानंतर आमच्या घरात दिवाळीची कोणी वाटच बघेना. शेवटी मी मनाचा हिय्या केला आणि जन्मात पहिल्यांदा दस्तगीरभाई खाटकाच्या दुकानासमोर उभा राहिलो.

"क्या होना, साब? गोश्त रान का देऊं, सीने का?"

"पूरा होना," मी घाम पुसत म्हटलं. "काला होना. जिंदा होना."

एक काळा होता. रविवारी एका लग्नासाठी कापायचा म्हणून बांधलेला. मी मुलगी बघायला गेल्यासारखा त्याला पुढून, मागून, चालवून बघितलं आणि घेऊन निघालो. घरी पोचायच्या आत मी बाटल्याची बातमी पसरली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या हेडक्लार्कनं मला कोपऱ्यात घेऊन रस्सा कसा करतोस म्हणून विचारलं. मी कान टोचायला गडी आणला आणि तांबडी लोकर ओवली.

नामग्याल आला. गाठोडी तशीच टाकून आधी बोकडापाशी गेला. तोंड हातात धरून बराच वेळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिला.

"अण्णा, ह्यो त्यो न्हाय."

बोकड पावसाळ्यात बदलतात वगैरे थापा मी पाठ करून ठेवल्या होत्या. एकही तोंडातून निघेना. खळीपासून खाटकापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्याच्या बोटांतले मणी थांबले. दारात शारदा तोंडाला पदर लावून उभी होती. इतकी शरम मला पुन्हा कधी वाटली नाही.

"ह्यो कुटनं आनला?" त्यानं विचारलं.

"दस्तगीरभाईकडून."

"कापनार होता?"

"रविवारी."

तो उठला आणि त्यानं मला हात जोडले. "मंग अण्णानं जीव सोडवला."

"अरे, मी कसला सोडवतोय? तुला फसवायला आणला."

"ते बोकडाला कुटं म्हाईत?" तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "कुनाच्या नावानं सोडला?"

मी नाव घेऊन सोडलाच नव्हता. पण तोंडातून निघून गेलं, "तुझ्या आईच्या."

"नाव म्हाईत हाय?"

तीन हिवाळे हा माणूस माझ्या घरात राहिला. त्याच्या आईच्या जिवासाठी मी बोकड सांभाळला, पुरला, बदलला. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली.

"यांगझोम."

त्यानं मला ते म्हणायला लावलं. माझी जीभ अडखळत होती. चौथ्या खेपेला जमलं. शारदानं पहिल्याच झटक्यात म्हटलं. नामग्याल आमच्याकडं बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"इकडं आल्यापासून ह्ये नाव मी एकटाच घेत होता," तो म्हणाला. "आता तीन मानूस घेतो."