ड्रॅगन पाणी कुठं पितो?

हमीदभाईंनी मागच्या महिन्यात एक ड्रॅगन मारला. पेन्सिलीनं. समासात लिहिलं, ‘तीन दिवस आग ओकतोय, एकदाही पाणी प्याला नाय. मेला असणार.’

आमचे हे शेजारी जन्मभर आमच्या भागात पाणी सोडायचे. व्हॉल्व्ह फिरवायची छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघाले की गल्लीतल्या बायका हंडे घेऊन मागं. या शहरात पाण्याचा दिवस लग्नाच्या तारखेसारखा लक्षात ठेवतात, त्यामुळं रिटायर झाले तरी त्यांचा रुबाब उतरला नाही. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला सवाल एकच: “वो सब ठीक है, पाण्याचं काय?” माझ्या नातीला अमेरिकेचं स्थळ आलं, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं.

अशा माणसाला त्यांच्या लेकीनं, नसरीननं, स्वतः लिहिलेली कादंबरी वाचायला पाठवली. सातशे पानांचं स्पायरल बांधलेलं बाड. राजे, जादूगार, उडते घोडे, सगळा बारदाना. नसरीन पुण्यात नोकरी करते. फोनवर मला म्हणाली, “काकू, अब्बा चांगली म्हणेपर्यंत मी छापायला देणार नाही.” म्हटलं, बाई, मग तू म्हातारी होशील.

बायको, जुबेदाभाभी, गेल्यापासून हमीदभाई दुपारच्या चहाला आमच्या ओट्यावर असतात. महिनाभर तिथंच वाचन चाललं. मधूनच मला हाक मारायचे:

“भाभी, ऐका. एवढी मोठी फौज. करमाडहून निघून पार बिडकीनला पोचंल एवढी चालली. रस्त्यात एक विहीर नाय!”

“अहो, जादूगार आहे ना सोबत.”

“मग त्यानं बोअर मारावा की! नुसता धूर काढतो.”

राजकन्या पानभर रडली, तर म्हणाले, “सकाळपासनं घोटभर प्याली नाय. एवढं डोळ्यात आलं कुठनं?”

मी हिरिरीनं कादंबरीची बाजू घेत होते. वाचली नव्हती. तरुणपणापासून माझी हीच रीत, मत आधी, वाचन सवडीनं. बी.ए. झालेली ना मी! त्याच ऐटीत एकदा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात निनावी अर्ज दिला होता: ‘सदर कर्मचारी ऐन पाण्याच्या वेळी वीस मिनिटे जागेवर नसतो.’ ‘सदर’ लिहिताना काय गुदगुल्या झाल्या होत्या! हमीदभाईंना साहेबाची बोलणी खावी लागली. अर्ज कुणाचा, ते त्यांना अजून ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात बाड वाचून संपलं.

“मग नसरीनला काय सांगू?” मी विचारलं.

“सांगा, पाण्याचं नियोजन कच्चं आहे.” एवढं बोलून त्यांनी बाड माझ्या हातात दिलं. मी तशीही क्रांती चौकात जाणार होते, कुरिअर करायचं काम माझ्याकडं आलं.

कुरिअरच्या दुकानात रांग होती, म्हणून चाळायला लागले. पानापानावर पेन्सिल. फक्त एक प्रकरण कोरं. शत्रूनं शहराला वेढा घातलाय आणि आत एक म्हातारा, खांद्यावर लोखंडी चावी टाकून, गल्लीगल्लीला पाळीनं पाणी सोडतोय. शहर त्याच्या जिवावर तगलंय आणि त्याचं नाव कुणाला माहीत नाही. तेवढं प्रकरण मी उभ्या उभ्या वाचलं. पहिल्यांदाच, मत देण्याआधी.

प्रकरणाच्या शेवटी, अगदी खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती:

‘बेटी, याला डबा कोण आणून देतं? ते लिही.’

वीस मिनिटं. शाळेमागच्या कडुलिंबाखाली जुबेदाभाभी डबा उघडून बसलेल्या असायच्या. हमीदभाई चावी झाडाला टेकवायचे आणि दोघं जेवायचे. मला गच्चीवरून सगळं दिसायचं. अर्जात तेवढंच लिहायचं राहून गेलं होतं.

कुरिअरवाल्याचा पेन मागून घेतला आणि त्या ओळीखाली लिहिलं:

‘नसरीन, अब्बांना कादंबरी आवडली. डबा आणणारी बाई आधी घाल, मग छापायला दे. आणि गच्चीवर एक शहाणी उभी कर, अर्ज लिहिणारी. तिला नाव खुशाल माझंच दे.’