एका कळशीचं तिकीट

श्रीरंगरावांनी आयुष्यात कोणतीही गोष्ट तडकाफडकी ठरवली नव्हती. (लग्नसुद्धा मीनाक्षीताईंनीच ठरवलं होतं, हे फक्त वेळेवर हजर राहिले.) त्यामुळे त्या शनिवारी दुपारी जिन्यात उभं राहून त्यांनी एका वाक्यात जे ठरवून टाकलं, ते निस्तरायचा अनुभव त्यांच्या गाठीला नव्हता.

जायकवाडी धरण तळाला गेल्याचं ते वर्ष. शहर चारी बाजूंनी वाढत होतं. माळरानांवर इमारती उठत होत्या आणि त्यांच्या पाट्यांवर निळेशार पोहण्याचे तलाव रंगवलेले होते. नळाला मात्र आठव्या दिवशी पाणी यायचं, आणि त्या आठवड्यात जलवाहिनी फुटल्यामुळे आठवा दिवसही पुढं ढकलला गेला होता. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं होती. खाली जमिनीत सगळ्यांचा मिळून एक हौद, आणि गच्चीवर ज्याची त्याची टाकी. श्रीरंगरावांच्या टाकीवर बोटानं टकटक केलं, तर ती फराळ संपलेल्या डब्यासारखी वाजत होती.

आणि रविवारी नानांचं वर्षश्राद्ध होतं.

नाना म्हणजे श्रीरंगरावांचे वडील. इमारतीच्या फाटकाशी त्यांनी एक रांजण ठेवला होता आणि रोज सकाळी ते तो स्वतः भरायचे. रिक्षावाले, भाजीवाल्या, शाळेतून येणारी पोरं, कुणीही झाकण काढावं आणि पाणी प्यावं. "पाण्याला नाही म्हणू नये," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं. नाना गेले आणि रांजण जिन्याखाली पालथा पडला. (श्रीरंगराव अधूनमधून त्याच्याकडे बघून म्हणायचे, "उद्या ठेवू.") अशा माणसाच्या श्राद्धाला आलेल्यांच्या हातावर घालायला घरात पाणी नसावं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. शुक्रवारी रात्रीचं जेवण त्यांना गेलं नव्हतं.

"खुलताबादची मंडळी सकाळीच येतील," मीनाक्षीताई म्हणाल्या. "गुरुजी येतील. स्वयंपाक मी करीन, पण तांदूळ कशात धुऊ?"

"सांडूला सांगितलंय ना. टँकर घेऊन येतो म्हणाला."

"कधी?"

"आपली पाळी आली की."

"नानांची पाळी उद्या आहे," मीनाक्षीताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

याच घरात त्यांची लेक मृण्मयी राहत होती, हे एव्हाना सांगायला हवं होतं. पण ती मुलगीच अशी की तिचं नाव शेवटीच निघायचं. अकरावीत होती. फार बोलायची नाही. दार लावून ती अभ्यास करते अशी घरात समजूत होती आणि मृण्मयीनं ती कधी मोडली नव्हती. प्रत्यक्षात ती दाराआड मोबाईलवर लढाईचा एक खेळ खेळत होती, आणि इतका चांगला, की तिच्या चौघींचा संघ एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला होता. शनिवारी सकाळी तिनं हे चहाच्या कपाकडे बघत सांगितलं.

"मग आम्ही बघू की," श्रीरंगराव म्हणाले. टँकर सोडून दुसरा कुठला विषय निघाल्याचा त्यांना आनंद झाला होता. "कुठं दिसतं ते?"

"इंटरनेटवर. पण फायनल बघायला पास काढावा लागतो. विकत."

"खेळणार तू, घर आपलं, मोबाईल मी घेऊन दिलेला, आणि तुला बघायचे पैसे मी द्यायचे?"

"हो."

"मी दार उघडून तुला फुकट बघेन."

"मी दिसेन, बाबा. खेळ नाही दिसणार."

ती पहिल्यांदाच काहीतरी बघा म्हणत होती. त्यांनी पास काढला.

दुपारी जिन्यात समोरच्या आशाबाई भेटल्या. तळमजल्यावरचे काकासाहेबही पंपाला कान लावून तिथंच उभे होते. काकासाहेबांची शेती अजिंठ्याकडं आणि नोकरी शहरात. पाऊस नसल्याचं दुःख ते दोन्ही ठिकाणी करायचे.

"श्रीरंगभाऊ, पोरगी टीव्हीत येनार म्हनं?" आशाबाईंनी विचारलं. "आमाला बी दाखवा की."

"त्याला पास लागतो, आशाबाई. विकतचा."

"घरातल्या पोरीचा खेळ बघायला पैशे? लईच झालं की हे!"

आणि इथं ते वाक्य आलं. "तुमच्याकडून पैसे कसे घेऊ? या सगळे. येताना फक्त एकेक कळशी पाणी आणा."

ते हसत म्हणाले होते. पण आशाबाई हसल्या नाहीत. पाण्याच्या बाबतीत त्या वर्षी कुणीच हसत नव्हतं.

"प्यायचं का वापरायचं?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

"म्हणजे... वापरायचं चालेल."

"आन् नातवंडाला?"

"त्याला तांब्या," काकासाहेबांनी परस्पर ठरवून टाकलं. "बारक्याला अर्धं तिकीट असतंयच."

श्रीरंगराव घरी आले तेव्हा त्यांच्या डोक्यात सगळं स्वच्छ मांडलं गेलं होतं. गल्लीत माणसं किती, कळशीत पाणी किती, श्राद्धाला लागतं किती. त्यांनी निळा ड्रम घासून दारात ठेवला.

मीनाक्षीताई ड्रमकडे बघत राहिल्या. "नानांनी जन्मभर फाटकाशी पाणी वाटलं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही त्यांच्याच श्राद्धासाठी दारात पाणी वसूल करताय."

"वसूल नाही गं. तिकीट आहे ते."

मीनाक्षीताईंनी नानांच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतल्या नानांनीही काही मत दिलं नाही.

संध्याकाळी मृण्मयीनं वडिलांचा फोन टीव्हीला जोडला. मध्येच घंटी वाजू नये म्हणून येणारे फोन मुके करून ठेवले, कानात इयरफोन घातले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर प्रेक्षक जमू लागले. पहिले आले ते अर्धीच कळशी घेऊन, जपून, थेंब न सांडता. कुणी ड्रममध्ये ओतताना डोळे मिटून घेत होतं. आशाबाईंनी तर ओतल्यावर कळशी उलटी धरून हलवली आणि म्हणाल्या, "बगा, पूर्न दिलं. उगं पुन्हा म्हनू नका."

पण खेळ रंगला तशी गर्दीची तऱ्हाच बदलली. माणसं खाली जाऊन बादल्या घेऊन येऊ लागली. काठोकाठ भरलेल्या बादल्या! काकासाहेबांनी स्वतःची एक आणि येणार असलेल्या मेव्हण्याची एक अशा दोन आणल्या. (मेव्हणा शेवटपर्यंत आला नाही.) श्रीरंगराव दारात उभं राहून हे पाहत होते आणि त्यांचा ऊर भरून येत होता. दुष्काळात माणसं आपल्या लेकीसाठी इतकं पाणी देतायत! पाणी एकाएकी कुठून येतंय, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. यशस्वी माणसाच्या मनात असले प्रश्न येत नाहीत.

टीव्हीवर समालोचक हिंदीत ओरडत होता. पडक्या घरांमधून छोटी छोटी माणसं बंदुका घेऊन पळत होती. त्यातली निळ्या टोपीची ती मृण्मयी, एवढं आशाबाईंच्या नातवानं सगळ्यांना समजावून दिलं होतं.

"मृण्मयी, मागं बग गं, मागं!" आशाबाई टीव्हीला सांगत होत्या.

"भिंतीआड लप! आगं लप म्हनतो ना!" काकासाहेब खुर्चीतून अर्धे उठले होते.

ड्रम काठाला आला होता. श्रीरंगराव वळले, आणि त्यांना दिसलं की गर्दीच्या मागं, भिंतीला टेकून, मृण्मयी उभी आहे. इयरफोन गळ्यात. डोळे लाल.

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. निळी टोपी भिंतीआडून गोळ्या झाडत होती. त्यांनी पुन्हा मुलीकडे पाहिलं.

"तू इथं? मग तिथं कोण?"

"मीच." ती कुजबुजली. "ते मघाचं आहे, बाबा. मुद्दाम उशिरा दाखवतात. नाहीतर कुणी बघून सांगेल ना, कोण कुठं लपलंय ते."

"म्हणजे खेळ...?"

"संपला. हरलो आम्ही."

समोर सगळी गल्ली तिला जगवण्यासाठी जिवाचं रान करत होती आणि ती आपल्या मरणाची वाट बघत मागं उभी होती. तिला जवळ घ्यावं असं त्यांना वाटलं. त्यांनी तसा हातही पुढं केला. पण मनात आलं ते दुसरंच, आणि तोंडातून निघालंही तेच.

"तू जरा आत जा. हे लोक बघतील."

नेमक्या त्याच वेळी आशाबाई पाणी प्यायला वळल्या.

"आगं बया! ही तर हितं उभी! मंग मी मगापासून कुनाला वरडायले?"

एका क्षणात सगळी खोली उलट्या दिशेनं बसली. मृण्मयीला खरं सांगावं लागलं. ती दोनच वाक्यं बोलली, पण ती पुरली.

"म्हंजे खेळ कवाच सपला?" काकासाहेबांनी विचारलं. "आन् आमी इथं घसा फोडायलो? शिळा खेळ दाखवला व्हय तुमी आमाला, श्रीरंगराव?"

"शिळा कसा? थोडा मघाचा आहे."

"आमच्याकडून ताजं पानी घेतलं!" आशाबाई कडाडल्या.

"ताजं?" श्रीरंगरावांचाही तोल गेला. "आपण सगळे आठ आठ दिवसांचं शिळं पाणी पितो, त्याचं काही नाही, आणि चहा गार होईपर्यंतचा खेळ तुम्हाला शिळा लागतो?"

वाक्य चांगलं होतं, पण उपयोग झाला नाही. "आमचं पानी वापस करा," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे ड्रमकडे वळले. वाद पेटला. आमची बादली काठोकाठ होती, तुमची कळशी पोचट होती, पाणी एकदा मिसळल्यावर कुणाचं कुठलं कसं ओळखायचं. श्रीरंगराव मगानं मोजून देत होते आणि दर मगाला एक शिवी गिळत होते. मेव्हण्याची बादलीही काकासाहेब घेऊन गेले.

त्या गोंधळात टीव्हीवर निळी टोपी पडली. ते कुणीच पाहिलं नाही.

खोली रिकामी झाली. ड्रमही.

"त्याच्या आधी मी एकटीनं तिघींना बाद केलं होतं," मृण्मयी म्हणाली. "तेव्हा तुम्ही दारात बादली धरून होतात."

श्रीरंगराव खाली बसले. "परत बघता येतं का ते?"

"येतं." तिनं नाक पुसलं. "त्याला वेगळा पास लागतो."

मग तिनं त्यांचा फोन टीव्हीपासून सोडवून त्यांच्या हातात दिला. सांडूचे फोनच फोन येऊन गेले होते. त्यांनी घाईनं लावला.

"काय साब, कवापासून फोन लावायलो," सांडू म्हणाला. "गेटवर कुनीच नाय, तुमी उचलंना. वर पाईप टाकायला मानूस नाय. मंग खालच्या हौदात सोडलं समदं पानी. भेटलं ना?"

श्रीरंगराव जिना उतरून धावत गेले आणि त्यांनी हौदाचं झाकण उचललं. तळाला चिखल होता आणि चिखलात कुणाची तरी कळशी टेकल्याचा गोल ठसा होता. नळाला पाणी आलं असं समजून सगळ्यांनी आपापली भांडी भरून घेतली होती आणि श्रीरंगरावांचंच पाणी तिकीट म्हणून वर आणलं होतं. ते त्यांनी आनंदानं घेतलं होतं आणि भांडून, मोजून, परत केलं होतं.

घरी येऊन त्यांनी मीनाक्षीताईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त वाईट होतं. त्या नानांच्या फोटोखाली बसून राहिल्या. "सकाळी मंडळींना फोन करून येऊ नका म्हणून सांगू," एवढंच म्हणाल्या.

सकाळी फोन करायच्या आतच दार वाजलं. दारात काकासाहेब होते, दोन बादल्या घेऊन. त्यांच्यामागं जिन्यात आशाबाई, आणि त्यांच्यामागं, पायरीपायरीवर, सगळी इमारत.

"सांडू काल राती टँकरच्या तळावर भेटला," काकासाहेब खाली बघत म्हणाले. "पानी तुमचं व्हतं म्हनला."

"काकासाहेब, मी कालच्याबद्दल..."

"तुमी बोलू नका." आशाबाईंनी कळशी ड्रममध्ये रिती केली. "हे तुमाला नाय. नानांला हाय. म्या लगीन होऊन आले तवा फाटकात पयलं पानी त्येंच्या रांजनातलं पेले."

एकेकाचं पाणी ड्रममध्ये पडत राहिलं. मृण्मयी रिकाम्या बादल्या एकेकाच्या हातात परत देत होती.

श्राद्ध झालं. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे श्रीरंगरावांनी कावळ्याचं पान गच्चीवर नेऊन ठेवलं आणि सगळे मागं सरून हात जोडून उभे राहिले. टाकीवर एक कावळा आला. चोच वासून बसला. पानाकडे बघेना.

"नानांचं काहीतरी राहिलंय मनात," खुलताबादच्या आत्या म्हणाल्या. "श्रीरंग, बोल बाबा काहीतरी."

श्रीरंगराव पुढं झाले. "नाना," ते म्हणाले, "रांजण पुन्हा ठेवतो फाटकाशी."

कावळा हलला नाही.

"रोज भरतो."

"स्वतः भरतो म्हणा," मीनाक्षीताई मागून म्हणाल्या.

"स्वतः भरतो."

कावळ्यानं मान वळवली, पण ती पलीकडच्या गच्चीकडे. ऊन चढत होतं. मृण्मयी न बोलता खाली गेली आणि नानांचं पितळी फुलपात्र पाण्यानं भरून घेऊन आली. ते तिनं पानाशेजारी ठेवलं आणि मागं सरकली.

कावळा उतरला. आधी पाणी प्यायला; चोच वर करकरून, सावकाश, पोटभर. मग त्यानं भाताला चोच लावली.

आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. काकासाहेबांनी टोपी काढली. श्रीरंगरावांचे डोळे भरून आले आणि ते नकळत एक पाऊल कावळ्याच्या दिशेनं पुढं गेले.

मीनाक्षीताईंनी त्यांची बाही धरून मागं ओढलं.

"अहो, राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "त्यानं कळशी आणलेली नाही."