मिलिंदभाऊंच्या रेषा

मिलिंदभाऊ पडद्यावर बाण काढतात आणि तो बाण काय बोलतो ते मोठ्यानं म्हणून दाखवतात.

नवख्या माणसाला हे जरा चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी सांगतो. आम्ही दोघं पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे नोकर, पण बसतो मंगरूळपीरला, बियाण्यांच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत. मी प्रोग्राम लिहितो. भाऊ त्याआधी त्याचा नकाशा काढतात. प्रोग्रामचा एकेक भाग म्हणजे एकेक चौकोन, आणि कोण कोणाशी बोलणार ते दाखवणाऱ्या रेषा. बाकीचे लोक माऊसनं रेघ ओढतात आणि चहाला जातात. भाऊ माऊसवर हात ठेवून डोळे मिटतात.

"नोंदणी म्हणते, बापू, हा माणूस आपल्याकडं आधी आला होता का? डेटाबेस म्हणते, थांब, पाहून सांगतो."

मग डोळे उघडून तेवढंच त्या रेषेवर लिहितात. जिच्यासाठी बोलणं सुचत नाही, ती रेषा पुसली जाते. "बोलाचंच काही नाई, त जोडता कायले?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

रेषा जोडली की चौकोन धरून हलवून पाहायचा. नीट चिकटलेली रेषा चौकोनामागे सरकत येते. नुसती टेकवलेली तिथंच लोंबकळत राहते. हा नाद पडद्याबाहेरही पोचलाय. कपाचा कान, खुर्चीचा हात, एसटीतली दांडी, भाऊ सगळं आधी हलवून पाहतात. एकदा आमचे साहेब पुण्याहून आले आणि त्यांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला. भाऊंनी तो दोनतीनदा ओढून पाहिला आणि समाधानानं मान हलवली.

खोलीच्या खिडकीला निळा पडदा आहे. दुपारचं ऊन त्यातून गाळून येतं आणि सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी होते. खालून बियाण्यांचा, खताचा उग्र वास येत असतो. त्या उजेडात भाऊ एखादा चौकोन हळूच इकडून तिकडे नेतात, तळ्यातलं पान बोटानं ढकलावं तसा. एक रेषा दुसरीला छेदून गेली की त्यांचा चेहरा उतरतो. "दोघं बोलून राह्यले असले त मधातून जाऊ नये," असं म्हणतात, आणि अख्खी दुपार वाट शोधण्यात घालवतात.

मात्र पाच वाजले की रेषा अर्धी असो, मीटिंग रंगात आलेली असो, "येतो बा" म्हणून खाली उतरतात आणि मोटरसायकलला किक मारतात. किन्हीराजा त्यांचं गाव. तिथं त्यांचं काय चालतं, कधी बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात साहेबांनी त्यांना पुण्याला बोलावलं. सगळे नकाशे त्यांच्या हाताखाली येणार होते. भाऊ म्हणाले, "जमत नाई." का, ते सांगेनात. मग साहेबांचा मला फोन. "तू समजाव त्यांना. ते नाही आले तर तिथली खोली तरी कशाला ठेवायची?"

मला मंगरूळपीर सोडायचं नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळी मी भाऊंच्या मागे गाडीवर बसलो.

"चाल," ते म्हणाले. "पण मायसमोर मले नावानं हाक मारू नोको."

दोन्ही बाजूंना तुरी फुलल्या होत्या. सगळा रस्ता पिवळा, धूसर.

त्यांची आई अंगणात बाजेवर बसली होती. दिवसभर सोबत करणारी शेजारीण आम्हाला पाहून घरी गेली. आईनं भाऊंकडे निरखून पाहिलं.

"कोन व्हय रे बाप्पा तुमी?"

"मंगरूळपीरचे हाओत, मावशी. पानी प्याले थांबलो."

आपल्या आईला मावशी म्हणताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. रोजची सवय असावी.

"बसा ना. काय काम करता?"

भाऊ तिच्या पायाशी बसले आणि मातीत बोटानं दोन चौकोन काढून सगळं सांगू लागले. ती मन लावून ऐकत होती.

"माहा मिलिंद बी असंच काईतरी करते, पुन्याले," ती म्हणाली. "लय हुशार हाय. त्याले टाइम नसते. तुमाले भेटला त सांगजा."

"काय सांगू?"

तिनं बराच वेळ विचार केला. "म्हना, माय चांगली हाय. फिकर नोको करू. टायमावर जेवत जाय."

"सांगतो, मावशी."

भाऊ आत जाऊन पीठ मळायला लागले. मी फाटकाबाहेर येऊन साहेबांना फोन लावला. "ते येणार नाहीत. मी विचारलंही नाही त्यांना," म्हटलं, आणि जे पाहिलं ते सांगितलं. "खोली राहू दे सध्या," साहेब म्हणाले.

परत आलो तेव्हा भाऊ दुधात भाकर कुस्करून आईला भरवत होते. चार घास झाल्यावर तिनं त्यांचा हात थांबवला. अंगणात अंधारत चाललं होतं.

"पुरे झालं, लेका. तू बी जाय आता घरी," ती म्हणाली. "तुही माय वाट पाहून राह्यली असन."

"हाव, जातो," भाऊ म्हणाले, आणि पुढचा घास कुस्करायला लागले.